शेजाऱ्याच्या शब्दावर चालणारं जाळं

‘राउटर’ हा शब्द आता मराठीत कायमचा राहायला आला आहे. तालुक्याच्या गावातही भिंतीवर एक लहानशी पेटी असते, तिचे हिरवे दिवे लुकलुकत असतात आणि घरातलं कुणी ना कुणी ‘राउटर बंद करून पुन्हा चालू कर’ असं सांगत असतं. पण या पेटीला फारसं काही ठाऊक नसतं. घरातून जे काही बाहेर जायचं आहे, ते पुढच्या मोठ्या राउटरच्या हवाली करायचं, एवढाच रस्ता तिला माहीत. तिथून पुढे ते सातासमुद्रापार कसं जातं, कोणत्या फाट्यावर कुठे वळतं, हे ठरवणारे राउटर वेगळे. त्यांच्याविषयी मला आज बोलायचं आहे.

मी कवितेचा माणूस. पदवी घेतली, तीही बी. ए.ची. यंत्रांचं रीतसर शिक्षण काही झालेलं नाही. पण हे मोठे राउटर एकमेकांशी काय बोलतात, ते समजून घेताना लक्षात आलं, की इथे सगळा व्यवहार शब्दाचाच आहे. एक जण शब्द देतो, दुसरा तो मानतो आणि तिसऱ्याला सांगतो. शब्द खरा असेल, तर रस्ता खरा. शब्द खोटा निघाला, तर काय होतं, तेही जगाने पाहिलेलं आहे.

२४ फेब्रुवारी २००८, रविवार. पाकिस्तानात यूट्यूब बंद करावं, असा सरकारी आदेश निघाला होता. तो अमलात आणण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉम या कंपनीने एक साधी युक्ती केली. यूट्यूबचे पत्ते आमच्याचकडे आहेत, असं तिने आपल्या राउटरांना सांगितलं. देशातून यूट्यूबकडे निघालेली पाकिटं त्या दिशेने जावीत आणि तिथेच एखाद्या आडात पडल्यासारखी नाहीशी व्हावीत, हा हेतू. हा निरोप देशाबाहेर जायला नको होता, पण तो गेला. हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीच्या जाळ्याने तो ऐकला, खरा मानला आणि जगाला सांगितला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वाबारा वाजून गेले होते, सोमवार लागला होता. काही मिनिटांतच जगाच्या मोठ्या भागातून यूट्यूबकडे निघालेली पाकिटं पाकिस्तानच्या वाटेला लागली आणि तिथे गडप झाली. हा प्रकार सव्वादोन तास चालला.

यात कुणी कुणाचं कुलूप फोडलं नव्हतं, की कुणाचा परवलीचा शब्द चोरला नव्हता. नेहमीच्या रीतीने एक चुकीचा निरोप दिला गेला आणि नेहमीच्याच रीतीने तो मानला गेला. मग ही रीत तरी कशी आहे, ते पाहू.

आधी पत्त्याचं बघू. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. कोट्यवधी पत्ते एकेक करून कुणालाच लक्षात ठेवता येणार नाहीत, म्हणून त्यांचे सलग पट्टे पाडलेले आहेत. आपल्या पिनकोडची युक्ती तीच. पाकिटावर चारने सुरू होणारा आकडा दिसला, की पश्चिमेकडचा थैला. पहिले तीन आकडे वाचले, की जिल्ह्यापर्यंतची सोय. शेवटचं घर त्या गावच्या पोस्टमनने शोधायचं. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत देशात सुरू करण्यामागे होते टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर. ते संस्कृतचे कवी होते, याचा माझ्यासारख्याला जरा जास्तच आनंद होतो. पण पिनकोडच्या मागे एक खातं उभं आहे. कोणता थैला कोणत्या गाडीत चढवायचा, हे ते खातं ठरवतं. इंटरनेटला असं एकच खातं नाही. पत्त्यांचे पट्टे वाटून देणाऱ्या संस्था आहेत. पण रस्ते ठरवणारं मध्यवर्ती कार्यालय जगात कुठेही नाही.

इंटरनेट हे एकच जाळं आहे, असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती जाळ्यांची वस्ती आहे. दूरसंचार कंपन्या, बँका, विद्यापीठं, गूगलसारखे उद्योग, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात इंटरनेट पुरवणारे व्यावसायिक, या प्रत्येकाचं जाळं वेगळं आणि त्याचा कारभारही वेगळा. अशा जाळ्याला ‘स्वायत्त व्यवस्था’ म्हणतात आणि तिला एक क्रमांक मिळतो. पाकिस्तान टेलिकॉमचा १७५५७, तर त्या वेळच्या यूट्यूबचा ३६५६१. भारतात असे क्रमांक आणि पत्त्यांचे पट्टे देण्याचं काम ‘इरिन’ ही संस्था करते. आज जगात अशी पाऊण लाखाहून अधिक जाळी आहेत. प्रत्येकाची तार प्रत्येकापर्यंत गेलेली नसते. दोन-चार शेजारी असतात, मोठ्यांना शेकड्यांनी असतात, आणि साऱ्या जगाची खबर या शेजाऱ्यांकडूनच कळते.

वेशीवरचे राउटर ज्या भाषेत ही खबर देतात-घेतात, तिचं नाव बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, थोडक्यात बीजीपी. वेशीवरच्या बोलण्याचे नियम, असं म्हणा. दोन्हीकडचे तंत्रज्ञ आधी आपापसांत ठरवून हा शेजार जोडतात. शेजार जुळला, की प्रत्येक राउटर दवंडी देतो : ‘ऐका हो ऐका, अमुक पत्त्यापासून तमुक पत्त्यापर्यंतचा पट्टा माझ्याकडे आहे. तिथली पाकिटं माझ्याकडे द्या.’ शेजारी ते टिपून घेतो आणि आपल्या पुढच्या शेजाऱ्याला सांगतो : ‘त्या पट्ट्याचा रस्ता माझ्याकडून आहे.’ वेशीवेशीवरून अशी दवंडी फिरत जाते आणि थोड्याच वेळात जगभर पोहोचते. रस्ता बंद झाला, तर तो मागे घेतल्याची दवंडीही अशीच फिरते. एरवी सांगण्यासारखं काही नसेल, तेव्हाही दोघे शेजारी ठरावीक सेकंदांनी ‘मी आहे’ एवढं एकमेकांना कळवत राहतात. बराच वेळ आवाज आला नाही, की शेजारी गेला असं धरून त्याच्याकडून कळलेले सगळे रस्ते पुसले जातात. मोठ्या राउटरच्या वहीत आज अशा पट्ट्यांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली आहे.

या दवंडीची एक गोष्ट मला फार आवडली. ती नुसता निरोप सांगत नाही, तो कुणाकुणाच्या तोंडून आला तेही सांगते. प्रत्येक जाळं निरोप पुढे देताना त्यावर आपला क्रमांक चढवतं. पाकिस्तानातून निघालेला तो निरोप हाँगकाँगहून पुढे गेला, तेव्हा त्यावर ‘३४९१, १७५५७’ अशी माळ होती. शेवटचा आकडा मूळ बोलणाऱ्याचा, आधीचा सांगणाऱ्याचा. नाथपंथाची परंपरा सांगताना आपण आदिनाथांपासून मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव अशी नावं ओवत जातो. हदीसचे अभ्यासकही कुणी कुणाकडून ऐकलं, ती साखळी वचनाच्या आधी सांगतात. राउटरला या माळेचे दोन उपयोग. माळेत आपलाच क्रमांक दिसला, तर निरोप फिरून आपल्याकडेच आला हे ओळखून तो टाकून देतो, त्यामुळे पाकिटं गोल-गोल फिरत बसत नाहीत. दुसरा उपयोग रस्ता निवडण्याचा. एकाच पट्ट्याचे दोन रस्ते कळले, तर सहसा लहान माळेचा रस्ता पत्करला जातो.

‘सहसा’ म्हणतो, कारण माळेच्याही आधी हिशेब पाहिला जातो. शेजारी तीन तऱ्हेचे असतात : आपल्याला पैसे देणारा, आपण ज्याला पैसे देतो तो, आणि बरोबरीच्या नात्याने फुकट देवघेव करणारा. जाळं अर्थातच पहिल्याकडून पाकीट पाठवायला आधी तयार असतं. या हिशेबात किलोमीटर कुठेच येत नाहीत. म्हणून एके काळी एकाच शहरातल्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधलं पाकीट परदेशाची वारी करून शेजारच्या गल्लीत येई. देशातलं देशातच राहावं, म्हणून २००३ साली ‘निक्सी’ ही संस्था निघाली आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेशी एका जागी भिडवायची सोय झाली.

आता २००८ची रात्र उलगडते, पण त्यासाठी आणखी एक नियम समजून घ्यायला हवा. दोन पट्ट्यांपैकी एक दुसऱ्याच्या पोटात असेल, तर राउटर नेहमी लहान पट्ट्याचं ऐकतो. यात शहाणपण आहे. एक म्हणाला, ‘पुण्याची पत्रं माझ्याकडे द्या’ आणि दुसरा म्हणाला, ‘पुण्यातल्या कसबा पेठेची माझ्याकडे द्या’, तर पेठेचं पत्र आपणही दुसऱ्याच्याच हाती देऊ. यूट्यूबची दवंडी १०२४ पत्त्यांच्या पट्ट्याची होती. पाकिस्तान टेलिकॉमची त्यातल्याच २५६ पत्त्यांची. लहान पट्टा म्हणजे नेमकी माहिती, असं समजून जगभरच्या राउटरांनी आपापला निर्णय बदलला. सुमारे ८० मिनिटांनी यूट्यूबनेही त्याच २५६ पत्त्यांची दवंडी दिली. आता दोन्ही पट्टे सारखे झाले, म्हणून जिथून ज्याची माळ लहान, तिथून त्याच्याकडे पाकिटं जाऊ लागली. आणखी ११ मिनिटांनी यूट्यूबने त्या पट्ट्याचे १२८-१२८ असे दोन तुकडे करून पुन्हा पुकारले. अखेर हाँगकाँगच्या कंपनीने पाकिस्तान टेलिकॉमकडून आलेल्या दवंड्या मागे घेतल्या आणि रस्ते सरळ झाले. म्हणजे खरा मालक बरोबर होता, तरी त्याला ओरडूनच आपली जागा परत मिळवावी लागली. त्याच्या हातात दाखवायला कागद नव्हता, आणि असता तरी तो वाचायची पद्धत जगात नव्हती.

असं का असावं? त्यासाठी या भाषेचा जन्म पाहावा लागतो. जानेवारी १९८९. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन गावी इंटरनेट उभारणाऱ्या तंत्रज्ञांची बैठक भरली होती. सिस्को कंपनीचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर, हात पुसायच्या कागदी रुमालांवर या नियमांचा आराखडा काढला. त्याच वर्षी जूनमध्ये तो रीतसर प्रसिद्ध झाला. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. आज चालते ती चौथी आवृत्तीही १९९४ पासूनची आहे. त्या काळी हे जाळं विद्यापीठं आणि संशोधन संस्थांचं होतं. चालवणारे एकमेकांना नावाने ओळखत. वाढत्या जाळ्याला पुरेल असा मार्ग तातडीने काढायचा, ही त्यांची निकड होती. शेजारी खोटं बोलेल, हा प्रश्न त्या पंगतीत कुणाला पडण्याचं कारण नव्हतं. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आपण वस्तीत आलो, तेव्हा वस्तीचे रिवाज ठरून गेलेले होते.

वस्ती मात्र वाढतच गेली. ओळखीच्या चार घरांत तोंडी शब्दावर जमिनीचे व्यवहार होतात, पाऊण लाख घरांत होत नाहीत. २५ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीच्या राउटरने हजारो पट्टे आपलेच असल्याचं चुकून पुकारलं आणि इंटरनेटचा मोठा भाग काही तास विस्कळीत झाला. अशा चुका आपल्याकडेही घडल्या. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातून ३० हजारांहून अधिक परक्या पट्ट्यांची दवंडी बाहेर गेली आणि जगातली पाकिटं त्या दिशेला लोटली.

चुकीपर्यंत ठीक होतं. पण जी गोष्ट चुकून होते, ती मुद्दाम करणारेही निघतातच. २४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका जाळ्यातून अमेझॉनच्या काही पट्ट्यांची खोटी दवंडी दिली गेली. त्या पट्ट्यांत नावावरून पत्ता सांगणारी यंत्रं होती. आपण संकेतस्थळाचं नाव टाइप करतो, तेव्हा त्याचा आकडी पत्ता सांगायचं काम अशी यंत्रं करतात. त्यांच्या जागी चोरांनी आपलं यंत्र बसवलं आणि आभासी चलन सांभाळणाऱ्या ‘मायइथरवॉलेट’ या संकेतस्थळाचा खोटा पत्ता लोकांना दिला. सुमारे दोन तासांत दीड लाख डॉलरच्या आसपास रक्कम गेली. इथे एक गोष्ट तुम्हा-आम्हाला लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या बनावट पानावर जाताना ‘या पानाचं प्रमाणपत्र भरवशाचं नाही’ असा इशारा ब्राउझर देत होता. ज्यांनी तो बाजूला सारून पुढे पाऊल टाकलं, त्यांचेच पैसे गेले. रस्ता चुकवला गेला, तरी दारावरची पाटी वाचायची संधी आपल्याला असते.

दवंडी खोटी दिली तर काय होतं, ते हे झालं. दवंडी थांबली तर? ४ ऑक्टोबर २०२१ची रात्र तुम्हाला आठवत असेल. नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम मुके झाले. आमच्या घरात राउटर तीनदा बंद-चालू करून झाला. पण बिघाड भिंतीवरच्या पेटीत नव्हताच. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकची आपली केंद्रं जोडणारी आतली जाळीच तुटली. ती आज्ञा अडवणाऱ्या तपासणी यंत्रणेतही दोष होता. नावावरून पत्ता सांगणाऱ्या त्यांच्या यंत्रांना केंद्रांशी बोलता येईना, तेव्हा शिकवल्याप्रमाणे त्यांनी आपली दवंडी मागे घेतली. बाकीच्या जगापुरती फेसबुकच्या पत्त्याची वाटच पुसली गेली. कंपनीच्या तंत्रज्ञांना दुरून दुरुस्ती करता येईना, प्रत्यक्ष केंद्रात जाऊन यंत्रांना हात लावावा लागला. सहा तासांहून अधिक वेळ गेला. यंत्रं शाबूत होती, वीज होती, माहितीही जागच्या जागी होती. ‘मी इथे आहे’ एवढं सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

मग या शब्दाला पुरावा कसा जोडायचा? आपल्याला हा प्रश्न नवा नाही. शेत घ्यायचं झालं, तर ‘हे माझं आहे’ असं विकणाऱ्याने कितीही शपथेवर सांगितलं, तरी सातबारा बघितल्याशिवाय कुणी इसार देत नाही. इंटरनेटवरही आता असे उतारे निघू लागले आहेत. या व्यवस्थेचं नाव आरपीकेआय. पत्ते वाटणाऱ्या संस्थाच तिचा पाया आहेत. पट्टा ज्याला दिला, तो त्या संस्थेच्या साखळीतून सहीशिक्क्याचा दाखला काढतो : ‘हा पट्टा अमुक क्रमांकाच्या जाळ्यानेच पुकारायचा, आणि त्याचे याहून लहान तुकडे पुकारायचे नाहीत.’ ही सही गणिताची असते, ती खोटी करणं जवळजवळ अशक्य. दवंडी कानावर आली, की शेजाऱ्याने दाखला काढून बघायचा आणि मेळ बसला नाही, तर ती टाकून द्यायची.

याने फरक पडतो का? एक जोडी बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर ट्विटर बंद करण्याचा हुकूम निघाला. तिथल्या एका जाळ्याने २००८ चीच युक्ती केली आणि ट्विटरच्या एका पट्ट्याची खोटी दवंडी देशाबाहेर निसटली. २८ मार्च २०२२ रोजी रशियातल्या एका जाळ्यातून नेमक्या त्याच पट्ट्याची खोटी दवंडी निघाली. मधल्या काळात ट्विटरने दाखला काढला होता. अनेक मोठ्या जाळ्यांनी दाखला पाहिला, मेळ नाही म्हणून ती दवंडी आपल्या वेशीवरच थांबवली आणि ती फार दूर पोहोचलीच नाही. १४ वर्षांपूर्वी यूट्यूबला जी सोय नव्हती, ती इथे कामाला आली.

मे २०२४ मध्ये जगातल्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे निम्म्याहून अधिक पट्टे अशा दाखल्याखाली आले. म्हणजे उरलेले तोवर तोंडी शब्दावरच होते. ज्याचा दाखलाच नाही, त्याची दवंडी आजही मुकाट्याने मानली जाते, कारण ती नाकारली तर कितीतरी खरे रस्ते बंद होतील. नुसता दाखला काढूनही भागत नाही. सातबारा घरात आहे, पण तलाठ्यापासून खरेदीदारापर्यंत कुणी तो उघडूनच बघत नाही, अशी गत व्हायची. शिवाय हा दाखला माळेतल्या शेवटच्या मण्याचा, मूळ बोलणाऱ्याचा. मधले मणी खरे आहेत का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठीच्या पद्धती आखल्या गेल्या आहेत, पण रूढ व्हायला वेळ लागणार.

भाजीवाल्याला फोनवरून पैसे देताना, परगावच्या मुलीशी बोलताना, परीक्षेचा निकाल पाहताना आपण या दवंड्यांवर विसंबून असतो. आपल्या हातात काय आहे? एक आहे. आपल्याला इंटरनेट देणाऱ्या माणसाला आपण वेग विचारतो, दर विचारतो. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारता येतील : तुमच्या पट्ट्यांचे दाखले काढले आहेत का? आणि शेजाऱ्याची दवंडी पुढे देण्याआधी तुम्ही त्याचा दाखला बघता का? पहिल्या प्रश्नाने त्याचं घर सुरक्षित होतं. दुसऱ्याने आपल्या साऱ्यांचं होतं, कारण २००८ च्या त्या रात्री खोटा शब्द बोलणारा एकच होता. तो न तपासता पुढे सांगणारे मात्र जगभर होते.